दिसणे आणि पाहणे

[पुण्याच्या चित्रपट-शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे हे मनोगत आहे. वर्गात पाहिलेल्या चित्रपटांनी आणि दूरचित्रवाणीवरील चित्रांनी त्याला काय शिकविले, हे त्याने या पाठात सांगितले आहे.]

पुण्याच्या चित्रपट-संस्थेत मला प्रवेश मिळाल्याचे पत्र घरी आले, त्या दिवशी आत्या अंगणात तांदूळ निवडीत बसली होती. सुपातली नजर न काढता ती म्हणाली, "अरे, सिनेमा तर आम्ही जत्रेतल्या तंबूतही पाहतो. तो पाहायला कुणी शाळेत जाते का?" आप्पा ओटीवर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. मलाही उत्तर सुचले नाही. मी मुकाट्याने वळकटी बांधली आणि पुण्याची वाट धरली.

ही संस्था १९६० साली स्थापन झाली. ज्या आवारात 'प्रभात' कंपनीचे नामांकित बोलपट तयार झाले, तेच आवार तिला लाभले. आवारात एक जुना आंबा आहे. त्याच्या सावलीत बसून विद्यार्थी आदल्या दिवशी पाहिलेल्या चित्रपटावर तासन्‌तास वाद घालीत असतात.

पहिल्याच तासाला गुरुजींनी वर्गात अंधार केला व एका चित्रपटातील पाच मिनिटांचा भाग दाखविला. दिवे लागताच त्यांनी विचारले, "यात एकूण शॉट किती होते? खोलीत उजेड कोणत्या बाजूने येत होता? दार वाजल्याचा आवाज आधी आला, की दार आधी दिसले?" शॉट म्हणजे कॅमेरा न थांबविता घेतलेले एक सलग चित्रण. आम्ही सारे चित्रपटाचे वेडे. परंतु एकालाही उत्तर देता येईना. वह्या कोऱ्याच होत्या. गुरुजी हसून म्हणाले, "तुम्हांला चित्रपट दिसला, तुम्ही तो पाहिला नाहीत."

मग तोच भाग त्यांनी आवाज बंद करून दाखविला आणि तिसऱ्या वेळी चित्र झाकून नुसता आवाज ऐकविला. तेव्हा कुठे कळले, की दारामागचे पाऊल आम्ही डोळ्यांनी पाहिलेच नव्हते. ते केवळ कानांनी ऐकले होते आणि बाकीचे चित्र मनाने रंगविले होते.

मनाचा हा खेळ चित्रपटाच्या मुळाशीच आहे. पडद्यावर खरे पाहता काहीच हलत नसते. एका सेकंदात २४ स्थिर चित्रे एकामागून एक डोळ्यांपुढून जातात व आपल्याला माणूस चालल्याचा भास होतो. या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चित्रे असतात. इतकी चित्रे नजरेखालून जावीत आणि त्यांपैकी एकही आपण नीट पाहू नये, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पाहिला. मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ३ मे १९१३ रोजी तो लोकांसाठी प्रथम दाखविण्यात आला. चित्रपट काढण्यापूर्वी दादासाहेबांनी एका लहानशा रोपाची वाढ दिवसामागून दिवस चित्रित केली होती. बीजाचे रोप झालेले पडद्यावर पाहूनच लोकांचा त्यांच्या विद्येवर विश्वास बसला. त्या काळी चित्रपटात काम करण्यास स्त्रिया पुढे येत नसत. म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने तारामतीची भूमिका केली. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातील माणसांचा आणि कामकऱ्यांचा स्वयंपाक सांभाळीत व शिवाय फिल्मच्या कडेला छिद्रे पाडण्याचे किचकट कामही करीत.

परंतु आज या चित्रपटाचा काही भागच शिल्लक आहे. जुनी फिल्म अशा द्रव्याची बनलेली असे, की ती चटकन पेट घेई, नाही तर डब्यातच सडून तिची भुकटी होई. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी फारच थोडे आज पाहावयास मिळतात. उरलेला ठेवा जपण्यासाठी १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. एखादे पुस्तक हरवले तर दुसरी प्रत मिळते. पण ज्याची शेवटची प्रत जळाली, तो चित्रपट कायमचा गेला. त्यातली माणसे, त्यांचे कपडे, त्या वेळचे रस्ते, सारेच गेले.

नंतर 'संत तुकाराम' पाहिला. दामले आणि फत्तेलाल यांनी तो १९३६ साली 'प्रभात'साठी दिग्दर्शित केला आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पाहून हात आपोआप जुळतात. परंतु मी या वेळी दुसरीकडेच पाहत राहिलो. घरात दाणा नाही, मुले उपाशी, म्हणून देवावरही रागावणारी जिजाई मी लहानपणी कजाग समजत असे. आता पाहिले, तर ती ओरडते तेव्हाही तिचे हात कामात असतात. सगळ्या घराचा भार त्या हातांवर आहे. चित्रपट तोच होता. पाहणारा बदलला होता.

आणि मग एका संध्याकाळी 'बायसिकल थीव्ह्‌ज' हा इटालियन चित्रपट लागला. तो १९४८ साली व्हित्तोरियो दे सिका यांनी काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर रोम शहरात पराकाष्ठेची बेकारी माजली होती. आंतोनियो नावाच्या एका गृहस्थास भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते. मात्र त्यासाठी सायकल हवी आणि ती गहाण पडलेली! त्याची बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडविते. कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. बाप आणि त्याचा लहान मुलगा ब्रूनो सारे शहर पालथे घालतात. अखेर हताश झालेला बाप स्वतःच एक सायकल चोरू पाहतो आणि पकडला जातो. लोक त्याला मारतात. मुलगा रडत धावत येतो. त्या मुलाकडे पाहून सायकलचा मालक बापाला सोडून देतो. दोघे गर्दीतून चालू लागतात. बापाच्या डोळ्यांत पाणी आहे. मुलगा त्याचा हात धरतो. चित्रपट तेथेच संपतो. बापाचे काम करणारा माणूस नट नव्हता. तो एका कारखान्यातला कामगार होता.

दिवे लागले. गुरुजींनी विचारले, "शेवटी दोघे एकमेकांशी एक शब्दही का बोलत नाहीत?" कुणी काही, कुणी काही सांगितले. मी बोललो नाही; कारण मी रोममध्ये नव्हतोच. मी आमच्या तालुक्याच्या बाजारात उभा होतो.

तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आप्पा धान्याच्या बाजारात हमाली करीत. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, बाजार थंड होता. एका दुकानात आप्पा हात जोडून उधारीवर ज्वारी मागत होते व दुकानदार मान हलवीत होता. मी माझ्या वर्गातल्या एका श्रीमंत मित्राबरोबर समोरून येत होतो. मित्राने विचारले, "ते कोण रे? तुला हाक मारतात वाटते." मी म्हणालो, "कुणास ठाऊक!" आणि पुढे निघून गेलो. आप्पांनी ते ऐकले असावे. त्यांनी त्याविषयी घरी अवाक्षर काढले नाही. ब्रूनोने बापाचा हात धरला होता. मी सोडला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढील सत्रात आम्हांला दूरचित्रवाणीचा अभ्यास होता. आपल्या देशात ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी तिचे केंद्र निघाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य, शिक्षण यांचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. आज घरोघरी, किंबहुना प्रत्येकाच्या खिशात, पडदा आहे. म्हणूनच गुरुजी म्हणत, "चित्रपटाला तुम्ही आपण होऊन जाता, हा पडदा तुमच्या घरी येतो. आलेल्या पाहुण्याची विचारपूस करावी."

ही विचारपूस कशी करावी, हे त्यांनी एका प्रयोगाने शिकविले. आम्ही बाराजण आवारात दाटीने उभे राहिलो. कॅमेरा अगदी जवळ लावला, तेव्हा चित्राच्या चारही कडा माणसांनी भरल्या आणि मोठी सभा भरल्यासारखे वाटले. कॅमेरा वर गच्चीवर नेला, तेव्हा मोकळ्या मैदानात मूठभर पोरे दिसली. दोन्ही चित्रे खरी. पण दोन्हींची साक्ष निराळी! रशियातील कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने असाच एक प्रयोग केला होता. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने एकदा अन्नाच्या ताटलीशेजारी व एकदा शवपेटीशेजारी जोडून दाखविला. प्रेक्षकांना पहिल्या वेळी त्यावर भूक दिसली, दुसऱ्या वेळी शोक दिसला. चेहरा मुळीच बदलला नव्हता. दोन चित्रे शेजारी आली, की त्यांमधला अर्थ आपले मन भरते. म्हणून बातमी पाहताना दोन प्रश्न विचारावेत : चौकटीबाहेर काय राहिले? आणि हे चित्र याच चित्राशेजारी का ठेवले?

तेव्हा माझ्या मनात आले, की बाजारातल्या त्या दिवशी मीही एक चौकट आखली होती. तिच्यात माझा मित्र होता, माझी अब्रू होती. आप्पांना मी चौकटीबाहेर ठेवले होते.

दिवाळीला घरी गेलो, तेव्हा तो इटालियन चित्रपट बरोबर नेला. रात्री जेवणे झाल्यावर ओटीवर संगणक ठेवला. आप्पा आणि आत्या घोंगडी टाकून बसले. मी शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होतो. चादरी गहाण ठेवण्याचा प्रसंग आला, तेव्हा आत्या म्हणाली, "हे तर आपल्यासारखेच आहेत रे!" शेवट आला. मी सांगायचे थांबलो. सांगण्यासारखे शब्दच तेथे नव्हते.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आप्पा हळूच म्हणाले, "पोराने हात धरला, ते बरे केले."

मी म्हणालो, "आप्पा, त्या दिवशी बाजारात मी तुम्हांला ओळख दिली नाही."

"मला ठाऊक आहे," आप्पा म्हणाले. "लहान होतास तू."

मी त्यांचा हात हातात घेतला. ओझी उचलून तळव्याला घट्टे पडले होते. इतकी वर्षे ते मला दिसत होते. त्या रात्री मी ते पाहिले.

आत्याने उठून दिवा बारीक केला आणि जाता जाता म्हणाली, "उद्या दुसरा एखादा लाव हो!" शाळेत जाऊन सिनेमा का पाहायचा, हा प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही.

शब्दार्थ

वळकटी – गुंडाळलेले अंथरूण. कजाग – भांडखोर. पराकाष्ठेची – अतिशय. अवाक्षर न काढणे – एक शब्दही न बोलणे. निर्विकार – कोणतीही भावना न दाखविणारा. घट्टा – घासून कठीण झालेली कातडी.

स्वाध्याय

१. "तुम्हांला चित्रपट दिसला, तुम्ही तो पाहिला नाहीत." या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
२. 'संत तुकाराम' दुसऱ्यांदा पाहताना लेखकाचे जिजाईविषयीचे मत का बदलले?
३. बाराजणांच्या प्रयोगातून विद्यार्थी काय शिकले?
४. 'मी सोडला होता' या वाक्यात लेखकाने काय सोडले होते? त्याने ते पुन्हा केव्हा व कसे धरले?
५. वाक्यांत उपयोग करा : पालथे घालणे, वाट धरणे, ओळख देणे.
६. घरातील एका वडीलधाऱ्या माणसाला काम करताना दहा मिनिटे लक्षपूर्वक पाहा. पूर्वी न पाहिलेल्या तीन गोष्टी वहीत लिहा.