पळवणकर बाळू : एका गोलंदाजाचे चरित्र

क्रिकेटचा खेळ ज्यास ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या वसई तालुक्यात क्वचितच आढळेल; पण पळवणकर बाळू हे नाव किती जणांच्या कानी गेले असेल, याची शंकाच आहे.

बाळूंचा जन्म धारवाड येथे सुमारे १८७५-७६ साली चांभार ज्ञातीत झाला. वडील लष्करात शिपाई होते. पुण्यास पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे त्यांचे पहिले काम. वेतन दरमहा तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तेथे ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज सरावासाठी त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करवून घेई. ग्रेगसाहेबांस बाद केल्यास दर वेळी आठ आणे मिळत, अशी एक आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, बाळूंचा डावा हात घडला तो या राबणुकीत. मात्र फलंदाजी करण्यास त्यांस क्वचितच मिळे. ते काम साहेबांचे!

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांस घेतले खरे, तथापि मैदानावर एकच चेंडू हाताळणारे सोबती चहाच्या वेळी निराळे होत. बाळूंना चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. इंग्लंडातही १८९५ साली मजूरवर्गातील रग्बी खेळाडूंच्या बुडालेल्या रोजाच्या भरपाईवरून तंटा होऊन निराळा संघ निघाला. पण तेथील वाद पैशांचा होता. येथे तो स्पर्शाचा होता, आणि तो अधिक जिव्हारी लागणारा, असे आम्हांस वाटते.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्या संघात ते होते. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ साली जो हिंदी संघ विलायतेस गेला, त्याचे बहुतेक सामने हातचे गेले. पण बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ पहिल्या दर्जाच्या सामन्यांतील होते. खांदा दुखत असता हे घडले!

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. १९२० साली बाळूंना संघातून वगळून, धाकटे बंधू विठ्ठल यांस डावलण्यात आले, तेव्हा विठ्ठल व शिवराम हे दोघे बंधू जाहीर निषेध करून संघाबाहेर पडले. वृत्तपत्रांतून चर्चा झाली. लगेच पुढल्या सामन्यास तिघेही परतले व बाळू उपकर्णधार झाले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांवर विजय मिळविला.

बाळूंनी १९३२ च्या पुणे करारावर सही केली. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून सुमारे दोन हजार मतांनी पडले. १९५५ च्या जुलैत त्यांचे मुंबईत निधन झाले.