लहान विमानांचे वैमानिक व संकटकालीन सराव

दिनांक ६ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरत विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले बोइंग ७३७ जातीचे प्रवासी विमान धावपट्टीवर वेग घेत असतानाच एका म्हशीवर आदळले. म्हैस मेली, इंजिनाची हानी झाली. परंतु वैमानिकांनी उड्डाण तत्काळ सोडून दिले व एकाही प्रवाशास इजा झाली नाही. जनावर आवारात शिरलेच कसे याची त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या मोजक्या क्षणांचा आहे. थांबावे की उडावे, याचा खल करण्यास तेथे सवड नसते. प्रवासी कंपन्यांच्या वैमानिकांना दर सहा महिन्यांनी सिम्युलेटर नावाच्या कृत्रिम विमानकक्षात अशाच प्रसंगांची परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे खरा प्रसंग आला तरी हात आपोआप योग्य त्या दांड्यावर जातो.

स्वतःच्या हौसेने अथवा कामानिमित्त लहान विमान चालविणाऱ्या खाजगी वैमानिकाची स्थिती वेगळी असते. परवाना मिळविताना त्याने इंजिन बंद पडल्याचा सराव अनेकदा केलेला असतो. पुढे तो विषय मागे पडतो. अमेरिकेसारख्या देशात प्रवासी नेण्यापूर्वी मागील ९० दिवसांत ३ उड्डाणे व ३ अवतरणे केलेली असावीत आणि दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकासमवेत उजळणी व्हावी, असा नियम आहे. परंतु तीन सुरळीत अवतरणांनी संकटाचा सराव होत नाही, ही त्यातील उणीव ध्यानात घेतली पाहिजे.

सर्वांत घातक चूक उड्डाणानंतर लगेच घडते. विमान शंभर-सव्वाशे मीटर उंचीवर असता इंजिन थांबते आणि मागे नुकतीच सोडलेली धावपट्टी वैमानिकास खुणावते. परत वळण्याचा मोह अनावर होतो. येथे शाळेतील शिक्षकांना विद्यार्थ्यांपुढे मांडता येईल असे एक गणित आहे. सरळ उड्डाणात ज्या विमानास ताशी ८० किलोमीटरहून कमी वेग चालत नाही, त्यास उंची राखून ४५ अंश कलून वळताना सुमारे ९५ व ६० अंश कलताना सुमारे ११३ किलोमीटर वेग लागतो. इंजिन तर बंद आहे! वेग राखण्यासाठी नाक खाली ठेवावे तर उंची संपते. उंची वाचविण्यासाठी नाक वर ओढावे तर पंखांचा आधार सुटून विमान गिरकी खात कोसळते. म्हणून समोरच्या टापूत, थोडे डावे-उजवे करून, मिळेल त्या मोकळ्या शेतात उतरावे, हाच धडा सर्वत्र दिला जातो. पीक जाईल, चाके मोडतील, परंतु माणूस बहुधा वाचेल.

उंची भरपूर असेल तर चित्र पालटते. सेसना १७२ सारखे विमान इंजिनाविना १००० फूट उंची खर्चून सुमारे पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते. घोघा व दहेज यांमधील खंबातच्या आखाताचे पाणी सुमारे ३० किलोमीटर आहे. वारा नसेल तर ६००० फुटांवरून मध्यभागी इंजिन थांबल्यास कोणता तरी एक किनारा जेमतेम गाठता येईल, ४००० फुटांवरून नाही. सुरतेजवळ तर आखात याहूनही रुंद होते. हा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर करावयाचा असतो, आकाशात नव्हे.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. जुन्या घडणीच्या इंजिनांत कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा एवढी थंड होते की दमट हवेत, बाहेर पंचवीस अंश तापमान असतानाही, आत बर्फ धरतो. इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात. गरम हवेचा दांडा ओढला की वितळलेले पाणी इंजिनात जाऊन ते क्षणभर अधिकच खडखडते आणि घाबरलेला वैमानिक तो दांडा पुन्हा आत ढकलतो. उपाय लागू पडत असतानाच तो थांबविला जातो. सराव नसलेल्याकडून हे हमखास घडते. एक टाकी रिकामी होऊन इंजिन थांबल्यावर दुसऱ्या, भरलेल्या टाकीची कळ न फिरविणे, हीदेखील याच जातीची विस्मृती होय.

यास खर्चिक साधने लागत नाहीत. उभ्या विमानात बसून डोळे मिटावेत व प्रत्येक कळ हाताने शोधावी. क्रम मोठ्याने म्हणावा: प्रथम वेग, मग शेत, मग इंधन व विद्युत् कळा, आणि शेवटी वेळ उरल्यास १२१.५ मेगाहर्ट्झवर तीन वेळा ‘मेडे’ची हाक. पुष्कळ जण उलट करतात. आधी बोलत बसतात व वेग गमावतात. महिन्यातून एकदा प्रशिक्षकासह, सुरक्षित उंचीवर, इंजिन मंद करून हाच पाठ गिरवावा.

तापीच्या मुखाशी सुरत आहे, तर तिच्याच खोऱ्यात वर शिरपूर येथे विमानप्रशिक्षण चालत आले आहे. दिनांक १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरचे एक प्रशिक्षण विमान जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगराळ भागात कोसळले. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला. विद्यार्थिनी गंभीर जखमी झाली. मोटार जाण्याजोगा रस्ता नव्हता. तेव्हा आदिवासी ग्रामस्थांनीच झोळी करून तिला खाली वाहून आणले.

अशा प्रसंगी ग्रामस्थांनी बिडी-काडी पेटवू देऊ नये, थांबलेल्या पंख्याच्या पात्यास हात लावू नये, पाठीच्या कण्यास इजा असल्याचे गृहीत धरून जखमीस सरळ व आधार देऊन उचलावे, आणि पोलीस ठाण्यास त्वरित कळवावे. माणसे बाहेर काढण्यापुरते विमानास हात लावण्यास हरकत नाही. त्यानंतर मात्र एकही तुकडा घरी नेऊ नये. कोणती कळ कोणत्या स्थितीत होती, यावरूनच तपासणी अधिकाऱ्यांना वैमानिकाने शेवटच्या क्षणी काय केले ते कळते.