गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही?

लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही रक्त वाढत नाही, पोट फुगतं, वरचेवर जुलाब होतात, मूल वयाच्या मानाने खुजं राहतं. यामागे जंत किंवा अपुरा आहार असू शकतो. कधी कधी ‘सिलिअ‍ॅक’ हा आजारही असतो.

गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं, की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. थकवा, चिडचिड, उदासीही येते. म्हणून मुलाला आळशी, हट्टी म्हणून बोल लावू नका. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण रुग्णाच्या आईवडिलांना, भावंडांनाही तो असू शकतो.

शंका आली म्हणून लगेच चपाती बंद करू नका. गहू सोडून तपासणी केली, तर आजार सापडत नाही. आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने ‘टीटीजी’ ही रक्ततपासणी करा. गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतात.

निदान झालं, तर पथ्य जन्मभराचं. चपाती, पाव, बिस्किटं, रवा, मैदा, गव्हाच्या शेवया बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, डाळी, अंडी, मासे चालतात. महागडी पाकिटं घ्यायची गरज नाही. मात्र गव्हाच्या चक्कीवर ज्वारी दळू नका. हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलंय का, तेही वाचा. ‘एवढ्याशाने काय होतं’ हे इथे चालत नाही.