पिशवीचं तोंड उघडताना काय जाणवतं?

प्रश्न : माझं पहिलंच बाळंतपण आहे. पिशवीचं तोंड उघडतं ते कळतं का?

उत्तर : तोंड उघडलेलं वेगळं असं कळत नाही, कळतात त्या कळा. खऱ्या कळा बहुधा कमरेतून निघून ओटीपोटात येतात. पोट दगडासारखं घट्ट होतं, मिनिटभरात सैल पडतं. पडून राहिलं तरी त्या थांबत नाहीत. तोंड ५-६ सेंटिमीटर उघडेपर्यंत कित्येक तास जाऊ शकतात, पुढे वेग येतो. १० सेंटिमीटर होत आलं की काहींचं अंग थरथरतं, उलटी होते, शौचाला जोराची लागल्यासारखं वाटतं. तो बाळाच्या डोक्याचा दाब असतो. घाबरू नका, पण तेव्हा एकटीने संडासात जाऊ नका. लगेच नर्सला सांगा. कळा दर ५ मिनिटांनी येऊ लागल्या की दवाखाना गाठा. पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाटही पाहू नका.