मेघसंगणनातील साचा

दहावीचा निकाल ज्या दिवशी संकेतस्थळावर लागतो, त्या दिवशी लाखो मुले व त्यांचे पालक एकाच घटकेस तेथे धाव घेतात. अशा एका दिवसापुरते पुष्कळ संगणक लागतात. उरलेले वर्ष थोडक्यांवर भागते. तेवढ्यासाठी यंत्रे विकत घेऊन ती वर्षभर बसवून ठेवणे हा अपव्यय होय. ती हवी तेव्हा भाड्याने घ्यावी व काम सरताच परत करावी, ह्या व्यवस्थेस 'क्लाउड' असे नाव पडले आहे. नाव ढगाचे असले तरी यंत्रे जमिनीवरच, मोठमोठ्या इमारतींत असतात. अमेझॉन कंपनीने असे संगणक भाड्याने देण्यास सन २००६ मध्ये आरंभ केला व २०१६ मध्ये मुंबईतही आपले केंद्र उघडले.

परंतु नुसते संगणक मिळून भागत नाही. पाने दाखविणारे सर्व्हर, गुणांचा साठा ठेवणारा डेटाबेस, गर्दी वाटून देणारा 'लोड बॅलन्सर' आणि परक्यास अडविणारे नियम, इतक्यांची जुळणी व्हावी लागते. ती हाताने करू लागल्यास एखादी पायरी राहून जाते, आणि दुसऱ्या खेपेची रचना पहिलीसारखी होत नाही. हाताच्या चुकीचे मोल केवढे, हे २८ फेब्रुवारी २०१७ रोजी दिसले. उत्तर व्हर्जिनियातील अमेझॉनच्या 'एस-३' ह्या साठवण सेवेत आज्ञा देताना एक नोंद चुकीची टंकली गेली. योजिल्यापेक्षा अधिक सर्व्हर बंद पडले, आणि सुमारे चार तास असंख्य संकेतस्थळे खोळंबली.

ह्यावर एक उपाय म्हणजे साचा, अर्थात 'टेम्प्लेट'. अमेझॉनने २०११ मध्ये 'क्लाउडफॉर्मेशन' आणले. 'ओपनस्टॅक' ह्या मुक्त प्रणालीत तेच काम 'हीट' करते. साच्यात काम कसे करावे हे न लिहिता शेवटी काय उभे असावे, एवढेच लिहितात. त्याचे मुख्य भाग तीन. 'पॅरामीटर्स' म्हणजे दर खेपेस बदलणाऱ्या गोष्टी, जसे सर्व्हर किती हवेत. 'रिसोर्सेस' म्हणजे उभारावयाच्या वस्तू. आणि 'आउटपुट्स' म्हणजे काम झाल्यावर हाती येणारी माहिती, जसे संकेतस्थळाचा पत्ता.

सर्व्हरास डेटाबेसचा पत्ता लागतो, असे साच्यात दिसले की यंत्रणा डेटाबेस आधी उभारते. जी कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत ती एकाच वेळी उरकते. वाद्यवृंदात प्रत्येक वाद्य आपल्या वेळी वाजावे, तसेच हे. म्हणूनच ह्यास 'ऑर्केस्ट्रेशन' म्हणतात. नवी रचना उभारताना मध्येच काही बिघडले, तर क्लाउडफॉर्मेशन सहसा तोवर उभारलेले मोडून टाकते. अर्धवट पसारा मागे राहत नाही.

तथापि साचा मनुष्यच लिहितो. त्यात चूक राहिली तर ती प्रत्येक खेपेस तितक्याच तत्परतेने उमटेल. रचना मोडताना गुणांचा साठाही तिच्याबरोबर जाऊ शकतो. तो राखून ठेवावा अशी ओळ आधीच लिहावी लागते. एका विसरलेल्या ओळीमुळे लेकरांचे वर्षभराचे श्रम पुसले जावेत, हे कोणास रुचेल? गुप्त परवलीचा शब्द साच्यात उघडा लिहू नये. उभ्या रचनेत हाताने परस्पर बदल करू नयेत. केल्यास कागद एक सांगतो व यंत्र दुसरेच करते. आणि बदलापूर्वी काय काय पालटेल ते यंत्रणेकडून दाखवून घेऊन दुसऱ्या जाणत्याकडून तपासून घ्यावे.

अभ्यासासाठी आम्ही एक सोपे काम सुचवितो. शाळेच्या स्नेहसंमेलनास लागणाऱ्या वस्तूंची यादी करा. कोणती वस्तू कोणत्या वस्तूवाचून अडते, ते बाण काढून दाखवा. नंतर पुढील वर्षी काय बदलेल व काय तसेच राहील, हे वेगळे लिहा. यादी घरी आईवडिलांस वाचून दाखवा; तुमच्या ध्यानी न आलेला एखादा बाण त्यांस खचित दिसेल.