रोजची डोकेदुखी आणि रोजची गोळी

डोके दुखू लागले की कपाळावर सुंठ उगाळून लावावी, फडके घट्ट बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहावे, हा आपल्या घरांतील जुना परिपाठ. त्याच्या जोडीला गेल्या काही पिढ्यांत गोळी आली. ती गावच्या किराणा दुकानातही मिळते, तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही आणि तासाभरात उतारही पडतो. कधीमधी घेतलेल्या गोळीने सहसा बिघडत नाही. परंतु वारंवार घेतलेली गोळीच पुढे डोकेदुखीचे कारण बनते, ही गोष्ट सुशिक्षितांनाही फारशी ठाऊक नसते. जुनाट डोकेदुखीचे रुग्ण तज्ज्ञांकडे जातात, तेव्हा त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत हाच गुंता आधी सोडवावा लागतो.

वारंवार उद्भवणाऱ्या तीव्र डोकेदुखीत अर्धशिशीचे स्थान मोठे आहे. आयुर्वेदात तिला अर्धावभेदक म्हटले आहे. नावावरून अर्धेच डोके दुखते असे वाटते. प्रत्यक्षात पुष्कळांचे दोन्ही बाजूंनी दुखते. डोके ठणकते, जिना चढताना ठणका वाढतो, मळमळते, उजेड व आवाज सहन होत नाही. उपचार न केल्यास हा त्रास ४ ते ७२ तास टिकतो. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी, चकाकत्या रेषा दिसतात आणि बहुधा तासाभरात त्या विरतात. प्रौढ स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो. अनेक घराण्यांत तो पिढीजात असतो. तो मेंदूचा व चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचा विकार आहे. मनाचा दुबळेपणा नव्हे.

आपल्याकडे मात्र त्याला बहुधा भलतेच नाव मिळते. उपवास घडला, ऊन लागले, जागरण झाले आणि डोके दुखून उलटी झाली, की ‘पित्त झाले’ असे म्हणतात. उलटीनंतर बरे वाटत असल्याने तो समज अधिकच पक्का होतो. वास्तविक उपवास, ऊन, जागरण ही अर्धशिशी चाळवणारी कारणे आहेत आणि उलटी हे तिचेच लक्षण आहे.

आमच्या परिचयातील एका प्राथमिक शिक्षिकेने या दुखण्यापायी दोन वेळा चष्मा बदलला, सायनसची क्ष-किरण तपासणी करवून घेतली, मेंदूचे छायाचित्रही काढले. सर्व अहवाल निर्दोष आले. रजेचा अर्ज गेला की ‘डोकेदुखीसाठी रजा कसली?’ असा शेरा ऐकू येई. म्हणून बाई गोळी घेऊन वर्गावर उभ्या राहत. अखेर त्या मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टकडे गेल्या. त्यांनी अहवालांची फाईल पाहून बाजूला ठेवली आणि विचारले, “महिन्यातून किती दिवस गोळी घेता?” बाईंना सांगता येईना. तेव्हा त्यांनी एक साधी वही घालायला सांगितली. डोके कोणत्या दिवशी दुखले, किती वेळ दुखले, कोणती गोळी घेतली, पाळी केव्हा आली, जेवण चुकले काय, एवढेच त्यात लिहायचे. महिन्याअखेर हिशेब निघाला : दुखण्याचे दिवस २२, गोळीचे दिवस १९.

अर्धशिशी दाखवणारी रक्ताची तपासणी नाही आणि छायाचित्रातही ती उमटत नाही. छायाचित्र काढतात ते दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान होते ते रुग्णाच्या हकिगतीवरून. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल आणि तीन महिन्यांहून अधिक काळ साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ दिवस, अथवा संयुक्त गोळ्या, अर्गट किंवा ट्रिप्टान वर्गातील औषधे १० दिवस घेतली जात असतील, तर गोळ्यांच्या अतिवापराची डोकेदुखी जडल्याचे तज्ज्ञ मानतात.

उपाय सांगायला सोपा, पाळायला कठीण. ती गोळी थांबवावी लागते. पहिला आठवडा-पंधरवडा डोके अधिकच दुखते, मळमळते, झोप लागत नाही आणि नेमके याच दिवसांत बहुतेकांचा धीर सुटतो. कोडीनसारखी किंवा झोपेची औषधे चालू असतील, तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी करायची असतात. सोबत प्रतिबंधक औषध सुरू करतात. प्रोप्रॅनोलॉल हे मूळचे रक्तदाबाचे (दमेकऱ्यांना ते देत नाहीत), तर ॲमिट्रिप्टिलीन मूळचे मानसिक नैराश्याचे. दुकानदाराने तसे सांगितले, की ‘मला वेड लागले आहे काय?’ म्हणून रुग्ण ते सोडून देतो. वास्तविक अर्धशिशीत त्याची मात्रा अल्प असते. व्हॅल्प्रोएटही गुणकारी आहे. पण गर्भाला त्यापासून अपाय होत असल्याने मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ते टाळतात. या औषधांचा गुण दिसायला दीड-दोन महिने लागतात.

प्रत्यक्ष दुखण्यावरील गोळी दुखणे सुरू होताच, पुरेशा मात्रेत, परंतु आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक नाही, अशी घ्यावी. ट्रिप्टान औषधे हृदयविकाराच्या रुग्णांना वर्ज्य आहेत. २०१८ पासून सीजीआरपी या द्रव्याचे कार्य रोखणारी इंजेक्शनेही परदेशांत प्रचारात आली आहेत. ती महाग आहेत.

त्या शिक्षिकेचे डोके अजूनही महिन्यातून चार-पाच दिवस दुखते. दुखणे संपले नाही. पण वर्ग चुकत नाही.

काही वेळा मात्र वही घालीत बसू नये. आयुष्यातील सर्वांत तीव्र डोकेदुखी क्षणार्धात उसळली, ताप येऊन मान ताठरली, हातपाय लुळे पडले, बोलणे अडखळले, शुद्ध हरपू लागली किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखणे वाढत गेले, तर रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, तसेच गरोदरपणात नव्याने उद्भवलेली डोकेदुखीही विनाविलंब तपासून घ्यावी.

एरवी आरंभ प्राथमिक आरोग्य केंद्रातून करावा. तेथील वैद्यकीय अधिकारी आवश्यक तर जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी देतात; ‘ई-संजीवनी’ या शासकीय दूरसेवेतूनही सल्ला घेता येतो. जाताना महिन्याभराची वही न्यावी आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोबत ठेवावीत. गोळीचे नाव आठवले नाही, तरी पाकिटावरून डॉक्टरांना आतील औषध कळते.