चौसष्ट घरांची भाषा

सन २०१४ च्या सप्टेंबर महिन्यात दक्षिण आफ्रिकेतील डर्बन या बंदराच्या शहरी जागतिक युवा बुद्धिबळ स्पर्धा भरली होती. दहा वर्षांखालील मुलींच्या गटात नागपूरची दिव्या देशमुख खेळत होती. तिचे वय त्या वेळी अवघे आठ वर्षांचे होते.

अशा स्पर्धांत समोरासमोर बसणाऱ्या दोन बालकांना पुष्कळदा एकमेकांची भाषा येत नाही. हस्तांदोलन होते, घड्याळ सुरू होते आणि मग दोघेही मौन धारण करतात. तथापि पटावरील चौसष्ट घरांची नावे सर्व जगात एकच आहेत. उभ्या रांगांना ए ते एच ही इंग्रजी अक्षरे आणि आडव्या रांगांना १ ते ८ हे आकडे दिलेले असतात. या खुणांनी प्रत्येक खेळाडू आपली व प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक खेळी कागदावर टिपून ठेवतो. त्यामुळे दूरदेशीच्या मुलालाही तो डाव वाचता येतो.

भाषेप्रमाणेच नियमही सर्वांना समान असतात. ज्या मोहऱ्याला खेळण्याच्या हेतूने स्पर्श केला, ते हलवावेच लागते. समजा, एका मुलाने घोड्याला हात लावला आणि तत्क्षणी त्याच्या ध्यानात आले, की घोडा हलताच मागचा वजीर मारला जाणार! आईवडील दालनाबाहेर आहेत. पंच दुसऱ्या पटापाशी उभे आहेत. प्रतिस्पर्धी खाली मान घालून खेळी लिहीत आहे. झालेला स्पर्श त्या मुलावाचून कोणासही ठाऊक नाही. हात मागे घ्यावा, असा मोह त्याला होणारच. तो आवरून जो घोडाच हलवितो, त्याचा वजीर जातो आणि कदाचित डावही जातो. परंतु त्या दिवशी त्याला कोणापासूनही नजर चुकवावी लागत नाही.

डाव संपल्यावर जेता व पराजित पुन्हा हात मिळवितात, कागदांवर सह्या करतात. डोळ्यांतले पाणी पुसून हरलेल्या मुलालाही पुढील फेरीस बसावयाचे असते. १९२४ साली पॅरिस येथे स्थापन झालेल्या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थ ‘आपण सारे एकच कुळ आहोत’ असा आहे.

डर्बन येथे दिव्याने आपल्या गटाचे अजिंक्यपद मिळविले. पुढे जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बातुमी येथे अनुभवी कोनेरू हम्पी हिला हरवून तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली.